दादाच्या बेटावर सुकाणू का नेतात

शिडाच्या होडीने दोन दिवस गेले की दादाचे बेट दिसते. माडांचा एक झुबका, काळा कातळ आणि कातळाच्या पोटात गोड्या पाण्याची झरी, एवढेच तिथे आहे. होडी लागली की पहिले काम सुकाणू काढायचे आणि खांद्यावरून झरीपाशी नेऊन ठेवायचे. त्याआधी पाण्याला कोणी हात लावत नाही. पाहुण्यांना हसू येते. त्यांना तिथे नेणारे म्हातारे वासुदेव खवणेकर मात्र हसत नाहीत. आधी सुकाणूला खांदा लावा, मग सांगतो, म्हणतात.

फार पूर्वी हिरू तांडेल मस्कतहून खजूर भरून आपले गलबत घरी आणत होता. सोबत सात खलाशी आणि धाकटा भाऊ गोमा. आई गेली तेव्हा गोमा रांगत होता. हिरूनेच त्याला लहानाचा मोठा केला, असे सांगतात. भर दर्यात वारा पडला. नऊ दिवस शीड हलले नाही. पिंपातले पाणी तळाला गेले, तेव्हा हिरू आपल्या वाट्याचा घोट गोमाला देऊ लागला.

दहाव्या दिवशी वारा आला आणि हे बेट दिसले. झरी सापडली, पिंपे भरली. तांडेलाने सगळ्यांच्या शेवटी प्यायचे आणि जिथले पाणी घेतले तिथे नारळ ठेवायचा, ही त्यांची रीत. म्हणून हिरू एकटाच पुन्हा वर गेला. नारळ ठेवला, ओंजळ भरली आणि सहज खाली पाहतो तो काय, गलबताचे शीड चढलेले.

नांगर सुटला असेल, असे त्याने मनाला सांगितले. अहो, नांगर एक वेळ आपोआप सुटेल, शीड आपोआप चढते काय? तीस वर्षे दर्यावर काढलेल्या माणसाला हे कळत होते. पण पाठच्या भावाविषयी वाईट मनात आणायला तो तयार नव्हता. वर्षभर तो झरीत पडलेली पाने काढत राहिला. गोमा येईल तेव्हा पाणी स्वच्छ हवे ना!

पुढल्या वर्षी तेच गलबत आले. हिरू धावत किनाऱ्यावर गेला. गोमाच्या हातात रिकामे हंडे होते आणि भावाला जिवंत पाहून त्याचा चेहरा पांढराफटक पडला. ते पाण्यासाठी आले होते, हिरूसाठी नव्हे.

“आधी सुकाणू वर घेवन ये,” तो म्हणाला. “मगे पाणी.”

गोमाने सुकाणू वर आणले. सगळे पोटभर प्याले. मग हिरूने विचारले, “वैनीक काय सांगलंस?”

“साप चावून गेलस म्हणान सांगलंय.”

खलाशी हंड्यांकडे बघत राहिले. गावात सातही जणांनी तेच सांगितले होते. वहिनीने, म्हणजे हिरूच्या बायकोने, कुंकू पुसले होते आणि गलबत गोमाचे झाले होते.

मनात आणले असते तर हिरूने ते सुकाणू फोडून सगळ्यांनाच तिथे अडकवले असते. त्याने ते स्वतःच्या खांद्यावर घेतले, खाली आणले, आपल्या हाताने बसवले. मग कमरेइतक्या पाण्यात, गलबताच्या फळीला हात लावून उभा राहिला. ‘दादा, चल घराक,’ एवढे गोमा म्हणाला असता तर तो सगळे विसरणार होता. चढायला कोणी अडवले नसते. पण आपल्याच गलबतावर, आपल्याच भावाने बोलावल्याशिवाय चढायचे तरी कसे? गोमा बोलला नाही. नांगर वर आला आणि हाताखालची फळी पुढे सरकली.

ही हकिकत त्या सातांतल्या एकाने मरणाच्या आधी सांगितली, म्हणे. तेव्हा लोक शोधायला आले. हिरू कुठेच नव्हता. झरीत मात्र एकही पान पडलेले नव्हते.

कोणाला मागे टाकून कोणी पळू नये, म्हणून आजही सुकाणू वर नेतात. आणि निघताना होडीत जो कोणाचा धाकटा भाऊ असेल, तो कमरेइतक्या पाण्यात उतरतो आणि बेटाकडे तोंड करून तीनदा हाक मारतो, “दादा, चल घराक!” सगळे थांबतात. उत्तर येत नाही. तरी एका माणसाची जागा मोकळी ठेवूनच शीड चढवतात.