राशीतले चार खडे

डोंगरउतारावरच्या एका जंगलात, नदी रुंद होऊन वळते तिथल्या गोट्यांच्या काठावर, एक टिटवी आणि तिचा जोडीदार राहत असत. टिटवी घरटे बांधत नाही. ती वाळूत पायाने उथळ खळगा करते आणि त्यात चार अंडी घालते. मातकट, काळ्या ठिपक्यांची ती अंडी आजूबाजूच्या खड्यांसारखी इतकी हुबेहूब दिसतात, की आईबापांखेरीज कुणालाच ओळखू येत नाहीत. त्या वर्षी चैत्रातही काठावर अशी चार अंडी होती. आत पिल्ले पुरी वाढली होती. कान लावला की टकटक ऐकू येई.

खड्यांची एवढी पारख असल्यामुळे जंगलाने टिटवीला एक काम दिले होते. तिथे दर पाच वर्षांनी अध्यक्ष निवडला जाई, आणि मतदानाआधी कुठला उमेदवार घरी किती आवडतो आणि बाहेर किती आवडतो ते मोजले जाई. रीत साधी होती. मोठ्या उंबराखाली प्रत्येक उमेदवाराच्या नावाने दोन जागा आखत. ज्याला उमेदवार आवडेल त्याने घरच्या जागेत एक खडा टाकायचा. थंडीत दूरदेशाहून आलेल्या पाहुण्या पक्ष्यांना आवडला, तर त्यांनी परदेशी जागेत टाकायचा. रानरेड्याचा गोटा आणि मुंगीचा वाळूचा कण सारखाच धरत. नियम दोनच होते. आपला खडा आपणच आणायचा, आणि उमेदवाराचा प्रचार करणाऱ्याने खडा टाकायचा नाही, कारण त्याचे प्रेम कामापुरते असते.

त्या वर्षी एक साळिंदर उभे होते आणि एक गवा उभा होता. साळिंदराच्या राशीत सकाळी एकोणचाळीस खडे होते. मग टिटवीने गव्याची घरची रास मोजली. परदेशी जागेत मोजण्यासारखे काही नव्हतेच. तिथे उंबराचे एक वाळके पान पडले होते.

गव्याचा प्रचारप्रमुख एक वानर होता. तो फांदीवरून खाली उतरला.

"किती झाले, टिटवीबाई?"

"घरचे सत्तावीस. बाहेरचे शून्य."

"सत्तावीस कसे असतील? गवासाहेब केवढे मोठे. त्यांच्या अंगावरच्या गोचिडीच दोनशे निघतील."

"मग गोचिडींना खडे आणू दे. मोजीन मी."

वानराने डोके खाजवले. "आकडा संध्याकाळी सांगायचाय ना? तोवर कुणापाशी बोलू नका. दुपारपर्यंत जनतेचं मन बदलतं कधीकधी."

शेजारी गवा रवंथ करत उभा होता. टिटवीकडे न पाहताच तो म्हणाला, "जंगलाचं माझ्यावर किती प्रेम आहे ते मला आतून जाणवतं, बाई. तुम्ही फक्त ते मोजायला कमी पडू नका."

दुपारी ऊन तापले. उन्हात अंडी शिजू नयेत म्हणून टिटवी पोटाची पिसे पाण्यात भिजवते आणि ओल्या पोटाने अंड्यांवर बसते. सकाळपासून जोडीदार बसला होता, आता पाळी तिची होती. तिने नदीत उतरून पोट चांगले भिजवले, पिसे न झटकता ती काठावर आली आणि थांबली.

काठ राहिलाच नव्हता. गोटे नव्हते, खडे नव्हते, ओरबाडलेली नुसती वाळू होती आणि तिच्यावर हातांचे ठसे होते. जोडीदार एका कडेला बसला होता. त्याच्या शेपटीची दोन पिसे गेली होती.

"साठ-सत्तर वानरं आली," तो म्हणाला. "वेलींच्या झोळ्या करून आणल्या होत्या. मी त्यांच्या डोक्यांवर चोची मारल्या. मग पंख मोडल्यासारखा लंगडत लांब पळालो, म्हटलं, माझ्यामागे तरी येतील. एकानं मान वळवून पाहिलं नाही. त्यांना मी नकोच होतो, गं. खडे हवे होते."

"अंडी?"

"झोळीत गेली. आपण काय उचललं ते त्यांना कळलंसुद्धा नाही."

टिटवीच्या पोटाचे पाणी रिकाम्या वाळूवर ठिबकत राहिले. मग ती उडाली.

उंबराखाली सारे जंगल जमले होते. गव्याची घरची रास त्याच्या खांद्याला लागली होती. परदेशी जागेत पांढऱ्याशुभ्र गोट्यांची दुसरी रास उभी होती आणि तिच्याभोवती परतीच्या वाटेवरचे करकोचे मान खाली घालून उभे होते. आलेला प्रत्येक प्राणी ती उंची पाही, मान मागे टाकी आणि गप्प होई.

"या, मोजा आता," वानर म्हणाला. "की नजरेनंच भागतंय?"

"ही रास खोटी आहे," टिटवी म्हणाली. "हे खडे माझ्या काठावरचे आहेत, तुमच्या वानरांनी ओरबाडून आणलेले. माझी चार अंडी आत आहेत. रास मोडा."

वानर हसला. "टिटवीबाईंना सगळे गोटे अंडीच दिसतात. झोपतानाही बिचाऱ्या पाय वर करून झोपतात, आभाळ पडू नये म्हणून. केवढा तो भार एका पाखरावर."

जंगल हसले. ज्यांना हसू आले नाही तेही हसले.

गव्याने शिंगे हलवली तसे हसणे थांबले. "रास मोडायची म्हणता?" तो मऊ आवाजात म्हणाला. "ही नुसती रास नाही, बाई. हे लोकांचं प्रेम आहे. त्याला पाय लावणार तुम्ही? तुमच्या अंड्यांचं मला वाईट वाटतं. पण चार अंड्यांपायी हजारोंचा कौल मोडता येत नाही. आणि असतीलच ती आत, तर माझ्या बाजूनंच मोजा ना. नदीकाठची येणारी पिढीही गव्याच्या पाठीशी आहे, असं जाहीर करू."

या वाक्यावर आनंदाने शेपट्या आपटल्या गेल्या. मुलांनो, हे नीट लक्षात ठेवा. पक्षिणीची पोरे चोरली, दगडांत पुरली, वर ती आपलीच म्हणून मोजली, आणि त्यावर जंगलाने शेपट्या आपटल्या.

टिटवी गव्याशी बोलली नाही. ती जमिनीवर उतरली आणि पहिल्या रांगेतल्या सशासमोर जाऊन उभी राहिली.

"सशा, तू खडा टाकलास?"

ससा गडबडला. "मी नाही टाकला. पायात काटा होता माझ्या. पण बाकीच्या सगळ्यांनी टाकलाय ना."

"हरिणीताई, तुम्ही?"

"मी एकटीच राहिले वाटतं," हरिणी पुटपुटली. "म्हणून तर मागे उभी होते. लाज वाटत होती."

"आणि तू रे, मुंगसा?"

"मी साळिंदराला टाकला. पण आता ही रास बघून वाटतं, माझंच काहीतरी चुकलं."

टिटवी पुढे सरकत गेली. घोरपडीला विचारले, खारीला विचारले, कासवाला विचारले. मी नाही, पण इतरांनी. मी नाही, पण एवढे जण चुकतील का? चाळीस जणांना तिने विचारले आणि चाळीसही जण एकटे निघाले.

"हे काय चाललंय?" गवा म्हणाला. "मोजणीत प्रश्न विचारायची पद्धत नाही."

"घरच्यांचं सोडा," वानर घाईने म्हणाला. "बाहेर बघा. सात समुद्रांपलीकडून आलेले पाहुणे गवासाहेबांना मानतात. ते खोटं बोलतील?"

"त्यांनाच विचारते," टिटवी म्हणाली. ती सगळ्यांत म्हाताऱ्या करकोच्याजवळ गेली. "पाहुणे, तुमच्या देशात या गव्याला ओळखतात?"

करकोच्याने एक पाय वर घेतला, पुन्हा खाली ठेवला. "आमच्याकडे बर्फ असतो, बाई. गवा कसा दिसतो तेही आमच्या पोरांना ठाऊक नाही. या वानरानं सांगितलं, राशीपाशी उभे राहा, नाहीतर पुढच्या थंडीत तळ्यावर उतरू देणार नाही. आणि खरं सांगायचं तर आम्हाला वाटलं, इथल्यांचा एवढा जीव आहे याच्यावर, तर नुसतं उभं राहायला आपलं काय जातं?"

"आणि इथल्यांना वाटलं, बाहेरच्यांचा एवढा जीव आहे, तर काहीतरी असेलच." टिटवीने पांढरा गोटा चोचीने उलटा केला. "हा धबधब्याखालचा आहे. शेवाळ अजून ओलं आहे बघा. दूरदेशाहून आला असता तर वाटेतच वाळून गेलं असतं."

वानराने वर पाहून खूण केली. उंबरावरची सगळी वानरे एकदम गव्याच्या नावाने ओरडू लागली. फांद्या हलल्या, कच्ची फळे खाली पडली, शेजारच्याचे बोलणे शेजारच्याला ऐकू येईना. टिटवीला त्या वेळी फक्त शांतता हवी होती, आणि नेमकी तीच तिला कुणी देत नव्हते.

तेव्हा ती ओरडली. टिटवीचे ओरडणे अशुभ मानतात. ते ऐकून जंगलाच्या अंगावर काटा येतो. ती उंबराभोवती फिरत ओरडत राहिली, तिचा जोडीदारही तिच्या जोडीने ओरडू लागला, आणि वरची वानरेसुद्धा एकेक करून गप्प झाली.

"आता कान द्या," टिटवी म्हणाली. "एवढंच मागते."

सगळ्यांत आधी सशाला ऐकू आले. त्याचे कान ताठ झाले. "आत कुणीतरी आहे," तो हळूच म्हणाला.

टक. टक टक.

"माझ्या राशीला कुणी हात..." गवा बोलू लागला, पण ससा पायातला काटा विसरून उकरायला लागला होता. मग मुंगूस आले, घोरपड आली, हरिणीने खुराने गोटे बाजूला लोटले. वानर केव्हाच झाडावर चढून बसला होता. राशीच्या वरच्या थरात एक अंडे सापडले. त्याला तडा गेला होता आणि तड्यातून एक चोच हवा शोधत होती. थोडे खाली आणखी दोन मिळाली.

चौथे तळाशी होते. वरच्या गोट्यांनी ते चेचले होते. पिल्लू पुरे वाढलेले होते. कवच फोडण्यासाठी अशा पिल्लांच्या चोचीच्या टोकाला एक बारीक पांढरा दाणा असतो. तो तसाच होता, न वापरलेला.

कुणी कुणाकडे पाहीना. शेवटी हरिणी रडत म्हणाली, "आम्हाला माहीत नव्हतं गं."

"माहीत होतं," टिटवी म्हणाली. तिचा आवाज आता चढलेला नव्हता. "आपण खडा टाकला नाही, एवढं तुम्हा प्रत्येकाला माहीत होतं. तेवढंच बोलायचं होतं. रास पाहिलीत तेव्हा कुणी नाही, माझ्यावर हसलात तेव्हा कुणी नाही. मी एकेकाच्या तोंडासमोर येऊन उभी राहीपर्यंत कुणी नाही."

तोवर तिन्ही पिल्ले कवचाबाहेर आली होती. टिटवीची पिल्ले जन्मताच चालू लागतात. मातकट, ठिपक्यांची, खड्यांच्याच रंगाची ती पिल्ले आईच्या पायांत घुटमळत होती. वर आभाळात एक घार फिरू लागली.

"रडणं पुरे," टिटवी म्हणाली. "यांना लपायला काठावर एक खडा ठेवलेला नाही. चला, उचला. ज्यानं त्यानं आपल्या तोंडानं न्यायचे."

मग सारे जंगल कामाला लागले. ससा खडे तोंडात धरून धावला, कासव पाठीवर गोटा घेऊन निघाले, मुंग्यांनी वाळूच्या कणांची रांग धरली. पांढरे गोटे करकोच्यांनी धबधब्यापाशी नेऊन टाकले. त्या दिवशी प्रथमच प्रत्येकाने आपला खडा आपणच वाहिला. घार दोन घिरट्या घालून गेली. तिला काठावर नुसते खडे दिसले.

संध्याकाळी उंबराखाली गव्याच्या जागेत फक्त सकाळचे सत्तावीस खडे उरले. त्यांच्या धन्यांपैकी सोळा जण आले आणि आपापला खडा उचलून घेऊन गेले. मग टिटवी तिथे आली. काम तिचे होते आणि ते तिने पुरे केले.

"घरचे अकरा," ती म्हणाली. "बाहेरचे शून्य."

गवा मोकळ्या जागेत उभा होता. "आणि बाकीचे?" त्याने विचारले. "ते एवढे सगळे माझे होते."

"ते नदीवर आहेत," टिटवी म्हणाली. "माझ्या पोरांना लपवतायत."

तात्पर्य : उमेदवाराच्या नावाचा ढीग किती उंच आहे ते पाहून मान डोलावू नका. तो कुणी वाहून आणला ते विचारा. त्यात तुमचा खडा नसेल तर तसे मोठ्याने सांगा, नाहीतर तुमचे गप्प बसणेही त्याच ढिगात मोजले जाईल, आणि त्या ढिगाखाली कुणाचे तरी मूल असेल.