शीघ्रसेनाचा नगारा आणि खिंडीतला दरवाजा

एका राज्यात ये-जा करायला दरवाजा एकच होता. चहूकडे डोंगर, डोंगरात एक खिंड आणि खिंडीत तो पंचधातूचा दरवाजा. त्याला कडी नव्हती, कुलूप नव्हते. राजाने सिंहासनावरून "उघड" म्हटले की तो उघडे, "बंद हो" म्हटले की बंद होई. एका जादूगाराने तो घडवला होता. दरवाजातून राज्यातला कापूस बाहेर जाई आणि परराज्यातले कापड व रंग आत येत. प्रजेत कापूस पिकवणारे होते, कापड विणणारे होते आणि ते नेसणारे होते. नेसणारे म्हणजे सगळेच, म्हणून त्यांचा विचार कोणी वेगळा करत नसे.

राजाचे नाव शीघ्रसेन. त्याच्या घराण्याची एक रीत होती आणि साऱ्या प्रजेला तिचा अभिमान होता. राजवाड्यासमोर नगारा होता. ज्याचे गाऱ्हाणे असेल त्याने टिपरी उचलून नगारा बडवावा आणि सूर्य मावळायच्या आत राजाने हुकूम द्यावा. शेजारच्या राज्यांत गाऱ्हाणी वर्षानुवर्षे कुजत. इथे ती शिळीसुद्धा होत नसत.

कोष्टी येऊन सांगत, "महाराज, कापूस बाहेर चालला, आमचे माग रिकामे." राजा म्हणे, "बंद हो." महिनाभराने शेतकरी येत, "महाराज, कापूस घरात पडून आहे, भाव नाही." राजा म्हणे, "उघड." प्रधान दर वेळी हात जोडून म्हणे, "वाहवा महाराज! न्याय असावा तर असा झटपट!" एका वर्षात दरवाजा नऊ वेळा हलला. शेतकरी उघडा दरवाजा पाहून पेरी आणि बंद दरवाजा पाहून बोंडे वेची. मग चिडून पुढच्या वर्षी तो ज्वारी पेरी, आणि कोष्ट्यांना दरवाजा बंद असूनही कापूस मिळत नसे.

जादूगाराने जाताना बजावले होते, "महाराज, दरवाजाला दिलेला शब्द पीक हाती येऊन त्याचे वस्त्र होईपर्यंत फिरवू नका. फिरवाल तितके दगड व्हाल." राजाने ते ऐकले, प्रधानाने लिहून घेतले आणि तो कागद कुठे ठेवला हे दोघेही विसरले.

आधी राजाची पावले दगडाची झाली. मग गुडघे, मग कंबर. दरबाराने सिंहासनाला चाके लावली आणि कारभार चालू ठेवला. दगड बरगड्यांशी आला तेव्हा मात्र राजकन्या केतकावलीचा धीर सुटला. रोज संध्याकाळी ती बापाचे पाय चेपत असे. आता ती दगड फडक्याने पुसे आणि आपल्या महालात जाऊन रडे.

एके दिवशी ती खिंडीत गेली. दरवाजाच्या कमानीत एक म्हातारी साळुंकी राहत असे. तिला माणसांची भाषा येत होती, पण बोलायची हौस नव्हती.

केतकावली म्हणाली, "साळुंके, माझे वडील कसे वाचतील?"

साळुंकी म्हणाली, "आता एकदा शब्द फिरला की काळीज दगड होईल. आज दरवाजा उघडा आहे आणि शेतात पेरणी चालू आहे. या पेरणीच्या कापसाचं वस्त्र राजाच्या अंगावर पडेपर्यंत दरवाजा असाच राहू दे."

"आणि नगारा वाजला तर?"

"तीनदा वाजेल. ज्याने टिपरी उचलली त्याने ती सूर्य मावळायच्या आत आपणहून खाली ठेवली, तर राजा हुकुमातून सुटतो. अशी जुनी मुभा आहे. आजवर कोणी वापरली नाही. पण धाक दाखवलास किंवा लाच दिलीस, तर दगड आपोआप वर चढेल."

श्रावणात नगारा वाजला. नाथबा कोष्टी उभा होता.

"परराज्यातलं कापड स्वस्त येतंय," तो म्हणाला. "माझ्या आळीतले अर्धे माग बंद पडले. दरवाजा लावा."

केतकावलीने बापाची सारी हकिगत सांगितली. नाथबा म्हणाला, "वाईट वाटतं, ताईसाहेब. पण माझ्या घरची चूलही बंद आहे."

"गेल्या खेपेला दरवाजा लावला, तेव्हा काय झालं?"

नाथबा म्हणाला, "सहा महिने सुखाचे गेले. पुढच्या साली कापूसच नव्हता." मग तो चिडून म्हणाला, "अहो, उघडा ठेवा नाहीतर लावा, पण आधी सांगा तरी! ठाऊक असतं तर मी जाड पासोड्या विणायला घेतल्या असत्या. तसलं कापड तिकडून येत नाही."

"वस्त्र होईपर्यंत दरवाजा हलणार नाही," राजकन्या म्हणाली. "हे आज सांगते."

नाथबाने टिपरी खाली ठेवली आणि तो पासोडीचा माग जोडायला गेला.

आश्विनात सोनाई परटिणीने नगारा बडवला. माग कमी झालेले पाहून परराज्यातल्या व्यापाऱ्यांनी कापडाचा भाव दुप्पट केला होता.

"लोकांच्या अंगावर चिंध्या आल्या," सोनाई म्हणाली. "दगडावर आपटलं की धोतर हातात येतं. बाहेर जाणारा कापूस अडवा, म्हणजे कापड स्वस्त होईल."

 केतकावली सोनाईला राजापाशी घेऊन गेली. सोनाईचा सारा जन्म दगडांपाशी गेलेला. तिने राजाच्या बरगडीवर बोटे वाजवली, कान लावला आणि मागे सरली.

"आत धडधडतंय की हो," ती म्हणाली. "नवा कापूस कधी यायचा?"

"महिन्याभरात."

"आणि कापड?"

"त्यापुढे दोन महिने."

सोनाईने पदर खोचला. "तोवर हलक्या हाताने धुते. आणखी काय करणार?" टिपरी ठेवून ती निघून गेली. 

मार्गशीर्षात नगारा असा बडवला गेला की राजवाड्याची कबुतरे उडाली. सुभाना शेतकरी शंभर गाड्या घेऊन आला होता. गाड्यांत कापूस भरलेला होता.

"शेजारच्या राजाने आमच्या तोंडावर आपला दरवाजा लावला," तो ओरडला. "आमचा कापूस नको म्हणतो! मग त्याचं कापड आपल्याला कशाला? लावा दरवाजा!"

साऱ्या चौकाने "लावा, लावा!" म्हटले. प्रधान म्हणाला, "महाराज, लोकांना हेच हवं आहे." खुद्द शीघ्रसेनाचा चेहरा रागाने लाल झाला. त्याने तोंड उघडले.

"आबासाहेब," केतकावली म्हणाली, "सूर्य मावळायला अवकाश आहे."

राजाने तोंड मिटले. राज्यात हे पहिल्यांदाच घडत होते.

तिने नाथबाला आणि सोनाईला बोलावणे धाडले. ते आले. पिकवणारा, विणणारा आणि नेसणारी, आजवर नगाऱ्यापाशी ही तिघे एकदम कधी उभी राहिली नव्हती.

नाथबा म्हणाला, "रंग तिकडूनच येतो, सुभाना. दरवाजा लागला की माझे उरलेले मागही थांबतील. मग तुझा कापूस इथेही कोणी घेणार नाही."

सोनाई म्हणाली, "थंडी तोंडावर आलीय. आहे ते कापडही बंद केलंत तर लेकरांना काय पांघरू?"

"तुमचं खरं," सुभाना म्हणाला. "पण या गाड्यांचं काय करू?"

"अर्ध्या मी घेतो," नाथबा म्हणाला. "पासोडीला कापूस फार लागतो."

"आणि अर्ध्या?"

 मग कमानीतली साळुंकी, जी न बोलावता कधी आली नव्हती, नगाऱ्यावर येऊन बसली. "शेजारच्या राज्याला वळसा घालून पलीकडे आणखी एक राज्य आहे. आठ दिवसांची वाट जास्त. आपला दरवाजा उघडा असेल तरच जाता येईल."

"बैल दमतील," सुभाना म्हणाला.

"दमतील," केतकावली म्हणाली. "नफाही कमी होईल. तुमचं यात नुकसान आहे, हे मी लपवत नाही."

सूर्याची कड डोंगराला लागली. सुभानाने एकदा गाड्यांकडे पाहिले, एकदा राजाच्या दगडी बरगड्यांकडे पाहिले. मग एक शिवी हासडून त्याने टिपरी खाली ठेवली. शिवी कोणाला होती ते कोणी विचारले नाही.

पौषात त्या कापसाचे वस्त्र झाले. सुभानाने कापूस दिला, नाथबाने विणले, सोनाईने धुऊन घडी घातली. केतकावलीने ते राजाच्या अंगावर घातले. बरगड्या सुटल्या, कंबर सुटली, गुडघे वाकले, पावले गुलाबी झाली. राजा उठला, धडपडला आणि लेकीच्या खांद्यावर डोके ठेवून हमसून हमसून रडला. पाय चेपायला तिने संध्याकाळची वाट पाहिली नाही.

शाप फिटला. प्रधानाला तो हरवलेला कागद शोधायच्या कामावर नेमले. त्याला दुसरे काम उरले नाही. दरवाजाला आता वर्षातून एकदाच, पेरणीआधी, शब्द मिळतो, आणि तो साऱ्या गावांत आधी कळवला जातो. शेजारच्या राजानेही दोन वर्षांनी आपला दरवाजा उघडला, कारण त्याच्या विणकरांनाही कापूस हवाच होता.

नगारा मात्र तिथेच आहे. अजून कोणीतरी एकटाच तावातावाने येतो आणि टिपरी उचलतो. राजा शीघ्रसेन आपल्या पायांनी चालत बाहेर येतो, त्याचे सगळे ऐकून घेतो आणि विचारतो, "बाकीचे दोघे कुठे आहेत?"

मग तो माणूस टिपरी ठेवतो आणि त्यांना बोलवायला जातो.