आठपासून दोनपर्यंत

एकदा एका फिरत्या टॉकीजच्या तंबूत, संध्याकाळी बरोबर सात वाजून दहा मिनिटांनी दिवे मालवले आणि बायकांच्या बाजूने एक लेकरू किंचाळले. ही गोष्ट त्या किंकाळीपासून सुरू होते.

लेकराचे नाव बकुळा. वय साडेतीन वर्षे. तिची आई तंबूच्या मागे, ट्रकवर बसवलेल्या सिनेमाच्या मशीनपाशी उभी होती. आधी ती टॉकीजमध्ये रिळे गुंडाळायचे काम करी. पुढे तिने हट्ट धरला की मलाही मशीन चालवायला शिकवा, आणि तिथल्या वृद्ध ऑपरेटरने तिला शिष्या करून घेतले. सगळे त्यांना मामा म्हणत, तीही मामाच म्हणे.

त्या दिवशी किंकाळी ऐकली आणि ती हातातला दांडा सोडून ट्रकवरून खाली धावली. लेकरू उगी झाले, पण तोवर चित्र पडद्यावर अर्धेच दिसत राहिले आणि लोकांनी शिट्ट्यांनी तंबू डोक्यावर घेतला. दुसऱ्या दिवशीही तेच झाले.

मग टॉकीजचे मालक शेठ तिला म्हणाले, "हे बघ बाई, मशीन सांभाळ, नाहीतर लेकरू सांभाळ. दोन्ही जमत असेल तर माझी ना नाही. पण उद्या तू खाली उतरलीस, तर परवा मी दुसरा ऑपरेटर बघणार."

"मामा, तुम्ही तरी सांगा ना त्यांना," ती म्हणाली.

मामा चष्मा पुसत म्हणाले, "उद्या बघू."

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचे कळायचे नाही. सिनेमाच्या प्रत्येक रिळाच्या तोंडाशी आकड्यांची एक पट्टी असते. आठ, सात, सहा असे उलटे आकडे दोनपर्यंत येतात, मग थोडी काळी फिल्म, आणि त्यानंतर चित्र. ऑपरेटर आठचा आकडा मशीनच्या खिडकीत धरून रीळ लावतो. मोटर सुरू केली की आकडे आतल्या आत पळतात. भिंगापुढची झडप मात्र बंद असते, म्हणून पडद्यावर काही उमटत नाही. काळी फिल्म संपता संपता झडप उघडायची, म्हणजे लोकांना थेट चित्र दिसते. आकडा पडद्यावर दिसला तर ती ऑपरेटरची नामुष्की. मामांचे केस मशीनपाशी पिकले, पण त्यांचा आकडा कधी कुणी पाहिला नव्हता. याचा त्यांना अभिमान होता, आणि तो ते लपवतही नसत.

तिसऱ्या दिवशी बकुळाच्या आईला सकाळपासून अन्न गोड लागेना. तंबूच्या दाराशी चहा विकणाऱ्या कोंडाबाईने तिला सल्ला दिला.

"अगं, तू जाताना तिला सांगतेस काय? सांगितलं की पोर चिकटतं. डोळा चुकवून जा. हातात शेंगदाणे दे, म्हण इथंच आहे मी, आणि मागच्या मागं सटक. माझी चारही अशीच वाढवली मी."

"मी तेच करते कोंडाबाई. दोन्ही दिवस तसंच केलं."

"मग आज जास्त शेंगदाणे दे!"

तिने तसेच केले. बकुळाला कोंडाबाईच्या मांडीवर बसवले, ओंजळभर दाणे दिले, "मी इथंच आहे हं, चिमणे" म्हणाली आणि तिची नजर दाण्यांकडे वळताच निघाली. ती ट्रकवर चढली. मामा रीळ लावून बसले होते.

"लेकराला काय सांगून आलीस?"

"इथंच आहे म्हणाले."

"आहेस का तिथं?"

ती मोटरपाशी जाऊन उभी राहिली.

दिवे मालवले. तिने मोटर सुरू केली, एक हात झडपेच्या दांड्यावर ठेवला. तेवढ्यात खाली अंधारात ती किंकाळी उठली. "आई!" असा एकच शब्द. शिष्येचा हात दांड्यावरून सुटला आणि पाय ट्रकच्या फळीकडे वळला.

तेव्हा मामांनी हात पुढे केला आणि झडप सताड उघडली.

पडद्यावर हत्तीएवढा आठ उभा राहिला.

"मामा! झडप! अहो, आकडे दिसतायत!"

"दिसू देत," मामा म्हणाले.

खाली एकच गिल्ला झाला. पुरुषांच्या बाजूने कुणी ओरडले, "ऑपरेटर झोपला काय रे!" दुसरा म्हणाला, "अरे, आज गणिताचा तास आहे, पाट्या काढा!" सगळा तंबू हसला. तोवर सात आला, आणि पुढे बसलेल्या पोरांनी तो मोठ्याने वाचला. सहाला बायकाही सामील झाल्या. पाच, चार, तीन. आता सगळे एका सुरात म्हणत होते. किंकाळी केव्हा थांबली ते कुणाला कळले नाही. दोन आला आणि पडदा काळा झाला. आकडा नव्हता, तरी सगळा तंबू अंधारात ओरडला, "एक!"

आणि सगळ्यांच्या मागून, थोडा उशिरा, एक बारीक आवाज आला, "ए...क."

मग सेन्सॉरचे सर्टिफिकेट पडद्यावर आले आणि सिनेमा सुरू झाला. शिष्या फळीवर एक पाय ठेवून तशीच उभी होती. ती खाली उतरली नव्हती. उतरायची गरजच पडली नव्हती.

थोड्या वेळाने शेठ धापा टाकत ट्रकवर आले. "मामा, तुम्ही? अहो, तुमच्या हातून? पोरं आता मला रस्त्यात आठ-सात-सहा म्हणून चिडवतील! रोज असंच दाखवणार का?"

"रोज नाही. आजच्यापुरतं. जिला दाखवायचं होतं तिला दिसलं."

"कुणाला, त्या लेकराला?"

"लेकराच्या आईला," मामा म्हणाले, आणि शिष्येकडे वळले. "पोरी, हे मशीन लोखंडाचं. त्याला मन नाही, भीती नाही. तरी आपण त्याला एकदम पळ म्हणतो का? आठापासून धरतो. आधी ते गुरगुरतं, मग चालतं, मग त्याचा वेग बसतो, आणि तेव्हाच आपण झडप उघडतो. ही पट्टी कुणी कापून टाकली तर चित्रातलं पहिलं माणूस गळा आवळल्यासारखं बोलतं. लोखंडाला एवढा अवधी देतेस. आणि ते लेकरू? दाणे खातंय, मान वर करतं तर आई नाही आणि दिवाही नाही. त्याला कुणी पट्टीच जोडली नाही. त्याला वाटतं, आईला अंधारानं नेलं. मग ते किंचाळणार नाही तर काय करणार?"

तिचे डोळे भरून आले. "पण मामा, सांगून निघाले तर ती रडते हो. फार रडते. मला बघवत नाही."

"रडेल. मोटरसुद्धा सुरू होताना आवाज करते. म्हणून आपण ती बंद करत नाही. आकडे संपले की काय येणार हे एकदा कळलं, की अंधार मोजता येतो. आणि मोजता आला की तो तेवढाच राहतो, जास्त वाढत नाही."

तिने पदराने डोळे पुसले. मग म्हणाली, "पट्टीवर एक का नसतो, मामा?"

मामा हसले. "दोननंतर अंधारच असतो. तेवढा तुकडा कुणी कुणाला भरून देत नाही. एक ज्याचा त्यानं म्हणायचा. म्हणाली की तुझी बकुळा."

शेठना अजून पुष्कळ बोलायचे होते. ते पोरांच्या चिडवण्याबद्दल, शेजारच्या गावच्या टॉकीजबद्दल, आपल्या अब्रूबद्दल बोलत राहिले. तेवढ्यात पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात एक टिंब चमकले. रीळ संपत आल्याची ती खूण. शिष्येने शेजारच्या, पुढचे रीळ लावून ठेवलेल्या दुसऱ्या मशीनची मोटर सुरू केली. आकडे झडपेआड पळाले. दुसरे टिंब चमकले, तिने एक झडप पाडली, दुसरी उघडली. चित्रातली बाई बोलता बोलता दारातून अंगणात आली, आणि तिच्या वाक्यात कुठे खंड पडला नाही.

"...आणि आता दुसरं रीळ कधी लावणार तुम्ही? का तेही सगळ्या गावासमोर मोजून?" शेठ म्हणाले.

"लागलं," ती म्हणाली.

शेठनी पडद्याकडे पाहिले, मग चालत्या मशीनकडे, मग तिच्याकडे. "कधी?"

"तुम्ही अब्रूवर होता तेव्हा," मामा म्हणाले.

शेठना हसू आवरेना. उतरता उतरता ते एवढेच म्हणाले, "उद्याही हीच चालवू दे."

दुसऱ्या दिवशी ती डोळा चुकवून निघाली नाही. बकुळासमोर उकिडवी बसली, तिचा हात हातात घेतला आणि म्हणाली, "चिमणे, मी आता वर मशीनपाशी जाणार. दिवे जातील. तू आठपासून म्हण. तुझं म्हणून झालं की चित्र येईल, आणि ते चित्र मी पाठवलेलं असेल." बकुळा रडली. पदर धरून बसली. कोंडाबाई म्हणाली, "बघ, मी सांगत होते!" तरी आईने घाई केली नाही. पदर आपणहून सुटेपर्यंत थांबली, तिच्या डोळ्यांसमोरून चालत गेली आणि ट्रकवर चढण्याआधी मागे वळून हात हलवला.

दिवे मालवले. झडप बंद होती, पडद्यावर काहीच नव्हते. सगळा तंबू चिडीचूप होता, आणि त्या अंधारात एक रडका, बारीक आवाज मोजत होता. आठ. सात. पाच. मधला सहा राहिला, पण वर कुणी त्याची चूक काढली नाही. आईचा हात दांड्यावर स्थिर होता, आणि ओठांवर तेच आकडे होते.

आपल्या घरातही कुणी आईला सोडून शाळेत जात असेल, कुणी पहिल्यांदा एकटे निजत असेल. त्यांच्यापासून गुपचूप निघू नका, आधी आकडे लावा. आणि ज्या आईला आज लेकराला कुठे सोडून जायचे असेल, तिला ही गोष्ट नक्की सांगा. तिने पुढच्या आईला सांगावी.