गोजराची अक्कलदाढ

गोजराच्या वडिलांनी मरताना आपल्या थोरल्या भावाला, खंडेरावांना, बजावलं होतं, "पोरीला अक्कल आली की मळा तिच्या हवाली कर." गोजरा बावीस वर्षांची झाली, तरी खंडेरावकाका मळा सोडेनात. शेवटी तिने संस्थानच्या न्यायाधीशांकडे दाद मागितली.

काका भरल्या कचेरीत म्हणाले, "सरकार, हिला अजून अक्कलदाढच आलेली नाही. मग अक्कल आली कशी म्हणायची?"

न्यायाधीशांनी बोलावलेल्या वैद्यांनी गोजराचं तोंड तपासलं. दाढ खरंच नव्हती. "पण कित्येकांना ती जन्मभर येत नाही," ते म्हणाले.

"मग ते जन्मभर बिनअकलेचेच!" काका ठासून म्हणाले.

गोजरा पुढे झाली. "सरकार, वैद्यबुवांनी आता काकांचंही तोंड पाहावं. त्यांची शेवटची दाढ गेल्या संक्रांतीला पडली. अक्कल दाढेबरोबर येत असेल, तर दाढेबरोबर जातही असेल. मग माझा मळा आज कोणाच्या अकलेवर चाललाय?"

वैद्य पुढे आले, पण काकांनी तोंड उघडलंच नाही. न्यायाधीशांनी मळा गोजराच्या हवाली केला.

त्या संध्याकाळी ती वडिलांनी लावलेल्या आंब्याखाली बसली आणि ते गेल्यापासून पहिल्यांदाच मोकळेपणी रडली.