वेशीबाहेरचं पाणी

फार वर्षांपूर्वी, म्हणजे वळणगावात कुणीच खोटं बोलत नव्हतं असं सगळ्यांचे आजोबा सांगायचे त्या काळात, गावाच्या नदीकाठाला दाट राई होती. वाळुंज, करंज, उंबर, जांभूळ. पावसाळ्यात नदी त्या राईत शिरायची, चार दिवस राहायची आणि सावकाश निघून जायची. जाता जाता गावाच्या विहिरी भरून जायची. हे सगळं आपोआप होतं अशी गावाची समजूत होती. फुकट मिळणाऱ्या गोष्टीबद्दल गावाची समजूत नेहमी तशीच असते.

राईच्या कडेला हौसाई बुरूडीण राहायची. वाळुंजाच्या फोकांच्या टोपल्या विणायची. आजीनं घेतलेली टोपली नातीच्या लग्नात अक्षता वाटायला उपयोगी पडायची, असं म्हणतात. हौसाई झाड कधी बुडातून तोडायची नाही. कोयती चालवायची ती गुडघ्याच्या वर, आणि तीन झाडांतलं एकच छाटायची. आडवं पडलेलं खोड कुणाला उचलू द्यायची नाही.

"पडू द्या की," म्हणायची. "पाण्याला ठेचकाळायला कायतरी नको का?"

लोक हसायचे आणि टोपल्या घेऊन जायचे.

तेव्हा गावचे पाटील होते येसबा. माणूस वाईट नव्हता. फक्त त्यांना मोकळी जमीन दिसली की तिच्यात गहू दिसायचा, आणि झाडं दिसली की त्यांच्याखालची मोकळी जमीन दिसायची. एका माघ महिन्यात त्यांनी राईला कुऱ्हाड लावली. बघता बघता निम्मी राई आडवी झाली. ओंडके न्यायला राईच्या मधोमध गाडीवाट पडली. आता खुंट उपटले की नांगर घालायचा, एवढंच उरलं होतं. तेव्हा हौसाई चावडीवर आली.

"पाटील, झाडं गेली ती गेली. खुंट तेवढं ऱ्हाऊ द्या. मुळं निघाली तर पाणी सरळ तुमच्या उंबऱ्याला लागंल."

"आणि खुंट राहिले तर?"

"तर मी पाणी वेशीभाईर धरीन."

"कशात गं? टोपलीत?" येसबा म्हणाले आणि सगळी चावडी हसली.

हौसाई हसली नाही. "टोपलीतच," ती म्हणाली. "एक पावसाळा द्या मला. पाणी वेशीच्या आत आलं तर मी गाव सोडीन, मग खुशाल मुळं काढा. न्हाई आलं, तर राईला पुन्हा कुणी हात लावायचा न्हाई."

हौसाईच्या चार पिढ्या त्या काठाला जन्मल्या होत्या आणि तिथंच राख झाल्या होत्या. तिला दुसरं गाव नव्हतं. येसबांना हे ठाऊक होतं. पण त्यांच्या मनानं एवढाच हिशोब केला की गहू एक वर्ष उशिरा येईल. त्यांनी मान डोलावली. अंतोबा कुलकर्ण्यांनी ती पैज तिथल्या तिथं कागदावर उतरवली. अंतोबांसमोर कुणी शिंकलं तरी त्याची नोंद व्हायची.

हौसाई कामाला लागली. वाळुंजाचा फोक ओल्या गाळात खोचला तर मुळं धरतो, यात नवल काही नाही. पण हौसाईनं सकाळी खोचलेला फोक दिवेलागणीला पानावर यायचा, असं म्हणतात. कापलेल्या खुंटांना धुमारे फुटले. ते तिनं न तोडता एकमेकांत गुंफले. उभ्या झाडांमधून आडवे फोक घातले, फोकांमधून वेली घातल्या. खंड्या पक्षी चोचीतून काड्या आणून द्यायचा, असं म्हणतात. ज्येष्ठ सरेपर्यंत काठावर अर्ध्या कोसाची टोपली उभी राहिली. तिला बूड नव्हतं, आणि तिचं तोंड आभाळाकडे नव्हतं, नदीकडे होतं.

फक्त गाडीवाट उरली.

"ही बी विणून टाकते," ती येसबांना म्हणाली.

"आणि माझ्या गाड्या काय डोक्यावरनं नेऊ? राहू दे तेवढी. बारा हात जागेनं काय होतंय?"

हौसाईनं त्या बारा हातांकडे बराच वेळ पाहिलं. मग ती शेजारची वीण घट्ट करायला गेली.

श्रावणात, भर दुपारी पूर आला. तसा पूर आधी कधी आला नाही आणि नंतरही आला नाही, असं म्हणतात. हे प्रत्येक पुराबद्दल म्हणतात. पण म्हैस पाठीवरच्या बगळ्यासकट वाहत आली आणि बगळा मुळीच घाबरला नव्हता, हे मात्र याच पुराबद्दल सांगतात.

येसबा वेशीच्या खांबाला धरून उभे होते. सारं गाव त्यांच्या मागं होतं. त्यांनी पाहिलं, पाण्याची भिंत राईवर आली आणि राईत शिरली. आणि तिथं तिचं धावणं संपलं. प्रत्येक विणीनं पाण्याचा थोडा थोडा जोर काढून घेतला. कडब्याच्या गंजी, छपरं, ओंडके फोकांत अडकून बसले. पाणी त्यांच्यामधून वाट काढत, थांबत, वळत, पुन्हा थांबत येऊ लागलं. मोठ्या घरची विहीण मांडवात येते तसं. नदी घटकाभर हौसाईची वीण निरखत उभी राहिली होती, असं म्हणतात.

गाडीवाटेनं मात्र पाण्याची एक जीभ पुढं निघाली. बारा हात रुंद. ती चढण चढली, वेशीच्या दोन खांबांमधून आत आली, येसबांच्या पायाच्या बोटांना लागली आणि तिथंच थांबली. एक घर पडलं नाही, एक माणूस गेलं नाही. लोक नाचायला लागले.

अंतोबा कुलकर्णी खाली वाकले. खांबापासून ओल्या मातीपर्यंत त्यांनी पंजा पसरून मोजलं.

"एक वीत," ते म्हणाले. "आत."

नाचणं थांबलं. हौसाई राईतून वर आली ती चिखलानं माखलेली, बोटं सोललेली. तिनं खांबाकडे पाहिलं, मातीकडे पाहिलं.

"पाणी आत आलं, पाटील."

"अगं, एक वीत! वितीचं काय घेऊन बसलीस? आणि ते माझ्या गाडीवाटेनं आलं, तुझ्या टोपलीतनं नाही आलं."

"कुठनं यायचं ते आपलं ठरलं न्हवतं. वेशीच्या आत, एवढंच ठरलं हुतं." मग म्हणाली, "माज्या टोपलीची एक काडी सुटलेली आसली तर तुमी घेता का ती? न्हाई घेत. मग?"

बायकांनी तिचे हात धरले, म्हाताऱ्यांनी शपथा घातल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी हौसाई कोयती आणि फोकांचा एक भारा घेऊन नदीच्या खालच्या अंगाला निघून गेली. तिनं मागं वळून पाहिलं नाही, असं म्हणतात. येसबा म्हणायचे, पाहिलं होतं; एकदा.

पैज पाटलांनी जिंकली होती. खुंट उपटायला आता कुणाची आडकाठी नव्हती. त्यांनी एक खुंट उपटला नाही. पैज जिंकलेला माणूस इतक्या पडलेल्या चेहऱ्यानं हिंडताना वळणगावानं पहिल्यांदाच पाहिला. एक दिवस ते कोयती घेऊन गेले आणि गाडीवाट स्वतःच्या हातांनी विणून काढली. ती वीण आजही ओळखू येते. वाकडी आहे.

वैशाखात आसपासच्या गावांच्या विहिरींना तळ लागला आणि वळणगावच्या विहिरींत वाकून कळशी बुडवता येत होती. शेजारच्या गावच्या बायका पाण्याला येऊन विचारायच्या, "तुमच्यात असं कुणी काय केलं?"

येसबा हौसाईला शोधायला निघाले. नदीकाठच्या प्रत्येक गावी लोक म्हणायचे, होती की, कालच पुढं गेली. आणि प्रत्येक गावाच्या काठाला नव्यानं विणलेली, नुकतीच पानावर आलेली झाडं असायची. नदी मोठ्या नदीला मिळते तिथवर ते गेले. तिथल्या गावानंही हेच सांगितलं. मग ते परत आले आणि चावडीवर म्हणाले, "वेस मागं घ्या."

"कशासाठी?" अंतोबांनी विचारलं.

"वेस दहा पावलं मागं असती तर पाणी आत आलंच नसतं. म्हणजे ती हरली नाही. म्हणजे तिला परत यायला हरकत नाही."

"पाटील, वेस अशी सरकवता येत नाही. दप्तरात नोंद आहे."

"मग दप्तर सरकवा, पंत."

अंतोबांची खरी अडचण अशी होती, की वेस दहा पावलं मागं गेली तर जी दोन घरं गावाबाहेर राहणार होती, त्यांतलं एक त्यांचं होतं. ते घरी गेले. ओसरीवर बसून राहिले. तिसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःचं बिऱ्हाड वरच्या आळीला हलवलं आणि नोंद केली: 'वेस पूर्वीपासून येथेच आहे.' उभ्या जन्मात अंतोबांनी लिहिलेली ती एकच खोटी नोंद, असं म्हणतात.

त्यानंतर दोनदा पाणी वेशीला लागलं आणि दोनदा गावानं खांब उपटून मागं रोवले. सुटलेली जागा नदीची. तिथं प्रत्येक घरानं एक वाळुंज लावायचा, छाटायचा तो गुडघ्याच्या वर आणि तिनात एक, आणि गाडी आत न्यायची नाही. बाहेरून आलेल्या माणसाला वळणगावची वेस टेकडीच्या निम्म्यावर का आहे ते कळत नाही. गावातल्या पोरासोरांनाही कळतं.

भाद्रपद सरला आणि नदी उतरली की सगळे वेशीत जमतात. येसबांच्या घरातलं कुणीतरी दोन खांबांच्या मधे उभं राहून खालच्या अंगाला हाक मारतं, "हौसाई, पाणी भाईरच हाय गं! ये आता!"

मग टोपलीचा एक फेर विणायला लागतो तेवढा वेळ सगळे कान देऊन उभे राहतात. खालून, झाडांमधून, पाणी हळूहळू चालल्याचा आवाज येतो. तेवढा ऐकला की लोक घरी जातात.