ठकुमायची खांड

वेसरेवाडीच्या खाडीवर पूल नव्हता आणि वाडीत कौलाचं एकही घर नव्हतं, त्या काळातली ही गोष्ट. फार फार वर्षं झाली तिला.

वाडीच्या मागे डोंगर, पुढे खाडी, आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीत आगरी-कोळ्यांची घरं. घरांना लागूनच एक मोठी पाणथळ जागा होती. भरतीला ती बुडायची, ओहोटीला उघडी पडायची. खेकड्यांशिवाय तिथे कोणी राहत नसे. त्या जागेवर ठकुमायनं शेत केलं.

ठकुमाय तेव्हा तरुण होती. नवरा हिवतापानं गेलेला, मूलबाळ नाही. पाठीशी होता एक दीर, गोमा. दोघांनी पाट्या भरभरून चिखल वाहिला आणि खाडीच्या कडेनं बांध घातला. भरती यायची आणि बांध फोडून जायची. ठकुमाय पुन्हा पाटी उचलायची. शेवटी समुद्रच थकला, असं म्हणतात. बांध टिकला. पावसानं जमिनीतलं मीठ हळूहळू धुऊन नेलं, आणि एका वर्षी त्या चिखलात तांबडा भात कमरेएवढा उभा राहिला.

त्याच वर्षी वादळ आलं.

आश्विन चालू होता. कापणी तोंडावर आली होती. सकाळी लख्ख ऊन होतं, बायकांनी अंगणात सुकट पसरली होती. दुपारी वारा एकदम पडला. मग पश्चिमेकडून आभाळ असं काळं होत आलं, की कोंबड्या संध्याकाळ समजून खुराड्यात शिरल्या. पसरलेली सुकट गोळा होईपर्यंत पाऊस कोसळला. वरून डोंगराचं पाणी आणि समोरून उधाणाची भरती, दोन्ही एकाच वेळी आली. खाडी फुगली. पूर्वी असं पाणी पाणथळीत पसरायचं आणि तिथेच शांत व्हायचं. आता तिथे बांध होता. पाण्याला जागा उरली नाही, तेव्हा ते वाडीत शिरलं.

चुली विझल्या. कुडाच्या भिंती विरघळायला लागल्या. म्हाताऱ्यांना छपरांवर चढवलं, पोरांना झाडांवर. वाडीतले गडी कुदळी घेऊन बांधावर आले आणि तसेच उभे राहिले. काय करायला हवं ते सगळ्यांना दिसत होतं, पण ठकुमायला सांगायला कोणाची जीभ उचलेना. तिनं तो बांध कसा घातला, ते त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं.

ठकुमाय शेतातून वर आली. तिनं एकदा वाडीकडे पाहिलं आणि गोमापुढे हात केला.

"कुदळ दे."

"वैनी, भात पिकलाय गो," गोमा रडकुंडीला आला. "चार दिवस मिळाले असते तरी कापून घेतला असता."

"पाणी थांबतंय का चार दिवस?"

"एकदा खारं पाणी आत आलं की जमीन गेली. पुन्हा किती वर्षं..."

"ही जागा त्याचीच होती, गोमा. आपण मागून आलो."

पहिला घाव तिनं स्वतः घातला. मग बाकीच्या कुदळी पडल्या. बांधाला खांड पडली आणि खाडी आत वळली.

इथून पुढचं ज्यानं त्यानं आपापल्या परीनं सांगितलं आहे. म्हणतात, ठकुमाय खांडीच्या तोंडाशी उभी होती, पण पाण्यानं तिला ओढलं नाही. ती पुढे चालायला लागली आणि सांजेला गुरांना गोठ्यात बोलवावं तशी पाण्याला हाक घालत गेली, "ये, बाबा, ये." आणि एवढी खवळलेली खाडी मान खाली घालून तिच्या मागोमाग गेली. साऱ्या शेतभर तिनं पाण्याला फिरवलं. तिच्या लुगड्याचा काठ तेवढा भिजला, असं म्हणतात.

दिवस मावळायच्या आत वाडीतलं पाणी उतरलं. माणूस एकही गेलं नाही. भाताचं मात्र एक कणीस उरलं नाही.

ठकुमाय त्या दिवशी रडली नाही. पुढे डोंगरापलीकडच्या गावात ती कोणाकडे तरी जेवायला गेली होती. तिथे नव्या भाताचा वास आला, तशी ती पानावरून उठली आणि परसात जाऊन खूप रडली.

वाडीनं तिचा मोठा मान करायचं ठरवलं. माणसं हार-नारळ घेऊन दारात आली. ती म्हणाली, "हार काय करू? माती आणा." तेव्हा प्रत्येक घरानं माती वाहिली आणि बांध पुन्हा उभा राहिला. खांडीच्या जागी मात्र ठकुमायनं लाकडी दार बसवायला लावलं. पाण्याला परत यावंसं वाटलं तर वाट असावी, म्हणाली. जमीन गोडी व्हायला किती पावसाळे गेले, ते आता कोणाला आठवत नाही.

आज तिथे पक्का बांध आहे, लोखंडी दार आहे, पण नाव ठकुमायची खांड हेच. वादळाची सूचना आली की वाडी होड्या बांधायच्या आधी ते दार उघडते. आतल्या शेतात कोणी घर बांधत नाही, कितीही भाव आला तरी. आणि नवा भात निघाला की त्या दिवशी वेसरेवाडीत एकाही घरात जेवणात मीठ पडत नाही. पाहुण्याला अळणी लागतं, तो मीठ मागतो. मग घरातली बाई वाढता वाढता सांगते, "आज नाही, दादा. आमच्या वाटचं मीठ ठकुमायनं आपल्या शेतात घेतलंय."