चिमणाची बोरी

पुष्कळ वर्षांपूर्वी एका डोंगराच्या पायथ्याला म्हादू नावाचा माळी राहत होता. त्याला एकच मुलगी, चिमणा. ती जन्मली त्या दिवशी म्हादूनं परसात बोरीचं रोप लावलं. मुलगी वाढली तशी बोरीही वाढली. पुढं चिमणा लग्न होऊन नदीपलीकडच्या गावी गेली आणि घरी बोरी तेवढी राहिली.

मग म्हादूचा सगळा जीव त्या झाडात गुंतला. त्याची काटकीसुद्धा तो कुणाला मोडू देत नसे.

बायको गजरा म्हणायची, "अहो, फांद्या दारात आल्या. येता-जाता पदर फाटतो माझा."

"मग वळसा घालून येत जा," म्हादू म्हणायचा.

झाड माजलं. फांदीत फांदी अडकली, आत ऊन शिरेना. बोरं मात्र दर वर्षी बारीक होत गेली. नुसती बी आणि वर साल. गावातली पोरंसुद्धा एखादं चावायची आणि थुंकून टाकायची.

एका चैत्रात चिमणा बाळंतपणाला माहेरी आली. झाडाखाली उभी राहून ती बराच वेळ वर बघत होती.

"बाबा, हिची छाटणी कधी केली होती?"

"कधीच नाही. माझ्या हातानं हिला कोयता लागायचा नाही."

"आमच्याकडे दर उन्हाळ्यात बोरी छाटतात. फळ नव्या फांदीला धरतं. जुन्या फांद्यांचं ओझं वाहून दमलीय ही."

म्हादू खाली बघत म्हणाला, "पोरी, तू अवघडलेली. तुझ्या नावाच्या झाडावर मी आत्ता कोयता चालवू? काही वाकडं झालं म्हणजे?"

चिमणा त्याच्या शेजारी टेकली. "माझं जावळ काढलं तेव्हा मी मामाच्या मांडीवर हातपाय झाडून रडत होते म्हणे. माझं डोकं तुम्हीच धरलं होतं ना? तेव्हा माझ्यावर तुमची माया कमी होती का?"



दुसऱ्या दिवशी म्हादूनं कोयत्याला धार लावली. संध्याकाळपर्यंत खोड आणि चार जाड फांद्या एवढंच उरलं. प्रत्येक जखमेवर त्यानं शेणमाती लिंपली. शेजारची सरूबाई कुंपणावरून म्हणाली, "भरलं झाड बोडकं केलंस रे म्हादू!" त्या दिवशी तो जेवला नाही.

वैशाखात चिमणाला कळा सुरू झाल्या. सकाळ गेली, दुपार टळली, तरी सुटका होईना. म्हादू परसात बोडक्या खोडाला टेकून बसला. "माझ्याच हातानं केलं मी हे," असं पुटपुटत राहिला.

गजरा पाणी न्यायला बाहेर आली. नवऱ्याकडं बघून तिला भरून आलं, पण ती ठणकावून म्हणाली, "झाडामुळं कुणाच्या कळा लांबत नाहीत. उठा! चुलीत लाकडं घाला, पाणी तापवायचंय."

म्हादू उठला. छाटलेल्या फांद्या वाळून पडल्या होत्या, त्याच त्यानं चुलीत सारल्या. जाळ चांगला धरला. पाण्याला आधण येतंय तोच आतून तान्ह्या बाळाचं रडू ऐकू आलं.

"नात झाली हो!" गजरा दारातून ओरडली. म्हादू चुलीपुढं बसूनच रडला.

बोरीला मात्र अजून पानसुद्धा नव्हतं. म्हादू रोज खोडावरून हात फिरवायचा, बुंध्याला घागरीनं पाणी घालायचा. पावसाळा लागला आणि शेणमातीच्या कडेकडेनं हिरवे कोंब फुटले. श्रावण सरता सरता फांद्या फुलल्या. थंडीत त्यांना अशी बोरं लागली की फांद्या जमिनीला टेकल्या. फळ सुपारीपेक्षा मोठं, रसरशीत आणि गोड.

संक्रांतीला चिमणा लेकीला घेऊन आली. नातीला काळं झबलं घालून पाटावर बसवलं आणि म्हादूनं ओंजळी भरभरून घरच्या बोरांनी तिचं बोरन्हाण केलं. भोवतीची पोरं बोरं वेचायला तुटून पडली. सरूबाईनंही ओटीत बोरं भरून घेतली आणि हळूच म्हणाली, "म्हादू, या उन्हाळ्यात आमचीही बोरी छाटून दे बाबा."

तर बाळांनो आणि मोठ्यांनो, एवढं ध्यानात ठेवा: ज्याच्यावर खरी माया असते, त्याच्या भल्यासाठी वेळ आली की मन घट्ट करून कोयताही हाती घ्यावा.